अमोनियाचा वास आणि उधाणाची रेषा: युद्धानंतरच्या ब्रिटिश किनाऱ्यावरची जुनी ड्रॉइंग्ज कशी वाचावी, घ्यावी आणि जपावी

मुंबई-पुण्यात ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांनी आर्किटेक्टच्या ऑफिसात दिवस काढले, त्यांना ‘अमोनिया प्रिंट’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पिवळसर कागदावर ट्रेसिंग, म्हणजे अर्धपारदर्शक कागदावरचं मूळ ड्रॉइंग, ठेवायचं, मशीनमधून काढायचं आणि डोळ्यांत पाणी आणणाऱ्या त्या वाफेतून जांभळ्या रेघा उमटताना बघायच्या. मी त्याच पिढीचा. पुढे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जुन्या कागदांच्या एका बाजारात एक गुंडाळी हाती आली. आत समुद्रकाठच्या एका छोट्या निवाऱ्याचं ड्रॉइंग होतं: वाऱ्याकडे पाठ करून बसायचं बाक, वर काँक्रीटचं पातळ छप्पर, कोपऱ्यात कुणाची तरी दोन आद्याक्षरं. रेघा त्याच, जांभळ्या. तिथे या प्रिंटला डायलाइन म्हणतात, पण कागद माझ्या ओळखीचा होता.

त्या दिवसापासून मी ही ड्रॉइंग्ज बघतो, जमतील तशी घेतो आणि सांभाळतो. या वाटेला नव्याने येणारा माणूस बहुतेक वेळा रंगीत चित्रांकडे ओढला जातो: निळं आकाश, शिडाच्या होड्या, पांढराशुभ्र पॅव्हिलियन. ती सुंदर असतात, मलाही आवडतात. पण माझा जीव आहे कामाच्या ड्रॉइंगवर, म्हणजे ज्या कागदावरून गवंड्याने भिंत बांधली त्या कागदावर. रंगीत चित्र आर्किटेक्टने गावाला दिलेला शब्द असतो. तो शब्द समुद्रासमोर, बजेटसमोर आणि नगरपालिकेच्या सभेसमोर किती टिकला, ते कामाच्या ड्रॉइंगवर दिसतं. म्हणून हा सगळा लेख तो कागद वाचण्याभोवती फिरणार आहे.

आधी काळ डोक्यात बसवा

१९४० साली जर्मन सैन्य उतरेल या भीतीने इंग्लंडच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या अनेक पिअरचे मधले भाग मुद्दाम तोडले गेले. पिअर म्हणजे समुद्रात लांबवर गेलेला, फिरायला बांधलेला धक्का. किनारे काटेरी तारांनी बंद झाले. युद्ध संपलं तरी सिमेंट, लाकूड आणि पोलाद घरांसाठी राखून ठेवलेलं होतं आणि खासगी बांधकामाला सरकारी परवाना लागत असे. ती परवाना पद्धत नोव्हेंबर १९५४ मध्ये उठली. त्यामुळे १९४६ ते १९५४ मधल्या किनाऱ्यावरच्या ड्रॉइंगमध्ये दुरुस्त्या, तात्पुरती बांधकामं आणि कागदावरच राहिलेली स्वप्नं जास्त दिसतात. खरी बांधणी सुरू होते ती त्यानंतर.

मधल्या दोन घटना लक्षात ठेवा. १९५१ चा फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन, म्हणजे युद्धानंतरचं मोठं राष्ट्रीय प्रदर्शन: त्याच्या स्थापत्य विभागाचे प्रमुख ह्यू कॅसन होते, आणि तिथली हलकी, रंगीत, बारीक खांबांवर उभी असलेली शैली पुढची दहा-बारा वर्षं किनाऱ्यावरच्या कॅफे-निवाऱ्यांत उतरत राहिली. दुसरी घटना ३१ जानेवारी १९५३ च्या रात्रीची. उत्तर समुद्राचं पाणी पूर्व किनाऱ्यावर चढलं आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली. त्यानंतरच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ड्रॉइंगमध्ये संरक्षक भिंतीची उंची हा गंभीर विषय असतो. ते आकडे वाचताना ती रात्र आठवा.

मग येतात मोठी नावं. डील गावाचा पिअर: जुना पिअर जानेवारी १९४० मध्ये एका डच जहाजाच्या धडकेने मोडला, नवा सर विल्यम हॅलक्रो अँड पार्टनर्स या इंजिनिअरांनी काँक्रीटमध्ये मढवलेल्या पोलादी खांबांवर उभा केला, आणि १९ नोव्हेंबर १९५७ रोजी ड्यूक ऑफ एडिनबरांनी त्याचं उद्घाटन केलं. बोर्नमथजवळच्या बॉस्कम पिअरचं १९५८ ते १९६० मधलं प्रवेशद्वार, पंखासारखं पुढे झेपावणाऱ्या छपराचं. ब्रायन आणि नॉर्मन वेस्टवूड यांचं ईस्टबोर्नचं काँग्रेस थिएटर, १९६३ चं. मार्गेटच्या स्टेशनजवळ उभी राहिलेली साठच्या दशकातली अर्लिंग्टन हाउस ही अठरा मजली इमारत, रसेल डिप्लॉक यांच्या ऑफिसची. तिची बाजू घड्याघड्यांची आहे, समुद्र जास्तीत जास्त घरांना दिसावा म्हणून. वेल्समध्ये आर्किटेक्ट क्लफ विल्यम्स-एलिस यांनी पोर्टमेरियन या स्वतःच रचलेल्या किनाऱ्यावरच्या गावाचं दुसरं पर्व १९५४ ते १९७६ या काळात बांधलं.

पण नवशिक्याने या नावांपासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक गाव निवडा आणि त्या गावातली लहान बांधकामं धरा: निवारे, आइस्क्रीमच्या टपऱ्या, कपडे बदलायच्या खोल्या, मुलांचे उथळ तलाव, स्वच्छतागृहं. ती नगरपालिकेच्या इंजिनिअरच्या ऑफिसात, पगारी ड्राफ्ट्समनच्या हातून आखली गेली. त्यांच्यावर कोणी पुस्तक लिहिलेलं नाही. कित्येक पाडली गेली आहेत. आणि कागदही स्वस्त मिळतात.

कागद हातात घेतल्यावर पहिली दोन मिनिटं

काय आखलंय ते नंतर बघा, कशावर आखलंय ते आधी. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. कागद खिडकीच्या उजेडात तिरपा धरा.

मूळ ड्रॉइंग बहुधा ट्रेसिंग पेपरवर किंवा ट्रेसिंगच्या कापडावर असतं. कापड स्टार्चने खळ दिलेलं, एका बाजूने चकचकीत, निळसर झाक असलेलं. त्यावर पाण्याचा थेंब पडला तर खळ सुटते आणि पांढरा डाग कायमचा राहतो. साठच्या दशकापासून पॉलिएस्टर फिल्म येते, ती फाटत नाही. त्याआधीची काही फिल्म अ‍ॅसिटेटची असते. जुनी झाली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. असा वास आला तर तो कागद बाकीच्यांपासून त्याच दिवशी वेगळा करा, कारण त्या आम्लाने शेजारचे कागदही खराब होतात.

प्रतींचं म्हणाल तर निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा म्हणजे खरा ब्लूप्रिंट. पांढरट किंवा तपकिरी पडलेल्या जमिनीवर जांभळ्या, निळ्या वा काळ्या रेघा म्हणजे डायलाइन, आपला अमोनिया प्रिंट. युद्धानंतरच्या ब्रिटिश ड्रॉइंगमध्ये तुमच्या हाती सर्वांत जास्त हेच येणार. विकणारा त्याला बिनदिक्कत ‘ब्लूप्रिंट’ म्हणतो. त्याची चूक काढत बसू नका, पण स्वतःच्या वहीत बरोबर नोंद करा, कारण दोन्ही जपायची रीत वेगळी आहे.

मूळ की छापील, हे ओळखायला दहापट भिंग पुरतं. पेन्सिलची रेघ तिरप्या उजेडात चमकते आणि मागच्या बाजूने बोटाला तिचा खोलगटपणा लागतो. शाईच्या रेघेला कोपऱ्यात, जिथे पेन थांबलं तिथे, बारीकसा फुगवटा असतो. हल्लीच्या पोस्टरमध्ये भिंगाखाली ठिपके दिसतात. ट्रेसिंगवर ब्लेडने खरवडून दुरुस्त केलेली जागा सापडली तर तो कागद मूळ आहे याची ती उत्तम खूण. ब्लेड हलक्या हाताने चालवायचं, मग नखाने घासून जागा गुळगुळीत करायची आणि त्यावर पुन्हा शाई. हे काम ज्याने केलंय त्याला ती जागा लांबूनच कळते.

तारीख नसेल तर ती कशी काढायची

टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगवरच्या नाव-तपशिलाच्या चौकटीत, तारीख असते, पण नेहमी नाही. कडा फाटलेल्या असतात, ब्लॉक कापून टाकलेला असतो, किंवा मूळ तारीख १९५६ ची आणि शेवटचा बदल १९६२ चा असतो. अशा वेळी कागदावरच्या इतर खुणा एकमेकींशी ताडून बघायच्या.

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे मापं. फूट-इंच असतील तर बहुधा १९७० च्या आधीचं, मिलिमीटर असतील तर नंतरचं. ब्रिटिश बांधकाम क्षेत्र १९६९ ते १९७२ च्या सुमारास मेट्रिकवर गेलं. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ सालीच झाला होता, त्यामुळे भारतीय कागद बघायची सवय असलेल्या माणसाला साठच्या दशकातलं फूट-इंचांचं ब्रिटिश ड्रॉइंग उगाच जुनं वाटतं. त्या मोहात पडू नका. बदलाच्या वर्षांत दोन्ही मापं लिहिलेले कागदही मिळतात, आणि ते मला फार आवडतात.

अक्षरं बघा. घासून चिकटवायची लेट्रासेटची अक्षरं १९६१ पासूनची. ती असतील, किंवा त्याच पद्धतीने चिकटवलेली माणसं आणि झाडं असतील, तर कागद त्याआधीचा असूच शकत नाही. रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असेल तर रोट्रिंगच्या रॅपिडोग्राफसारखं नळीचं पेन वापरलेलं असू शकतं, आणि ते १९५३ नंतरचं.

शिक्के तर बोलतातच. नियोजन परवानगीची आजची पद्धत १९४७ च्या कायद्याने आली आणि १ जुलै १९४८ पासून लागू झाली. त्या कायद्याचा शिक्का असेल तर कागद त्यानंतर ऑफिसात फिरलेला आहे. इंग्लंड-वेल्समध्ये गावोगावच्या बायलॉजच्या, म्हणजे स्थानिक बांधकाम नियमांच्या, जागी देशभर एकच बांधकाम नियमावली १९६६ च्या फेब्रुवारीपासून आली. म्हणून ‘बायलॉजप्रमाणे मंजूर’ असा शिक्का दिसला तर तो मंजुरीचा शिक्का बहुधा १९६६ च्या आधीचा. १ एप्रिल १९७४ ला तिथल्या स्थानिक प्रशासनाची पुनर्रचना झाली. ‘काउंटी बरो’ हा जिल्ह्यापासून स्वतंत्र कारभार असलेल्या गावाचा दर्जा गेला आणि काही गावांचा जिल्हा बदलला. बोर्नमथ तोवर हॅम्पशरमध्ये होतं, मग डॉर्सेटमध्ये गेलं. ‘काउंटी बरो ऑफ बोर्नमथ’ असं छापलेला कागद म्हणजे १९७४ पूर्वीचा.

आणि पैसे. शिलिंग-पेन्स १५ फेब्रुवारी १९७१ ला गेले. पिअरच्या प्रवेशद्वाराच्या ड्रॉइंगमध्ये तिकिटाच्या खिडकीवर दर लिहिलेला असेल तर तोही साक्षीदार.

एकाच खुणेवर निकाल देऊ नका. तीन खुणा एका दशकाकडे बोट दाखवू लागल्या की वहीत ‘सुमारे’ लावून वर्ष लिहा.

स्केल आणि समुद्राची पातळी

इथे वेळ द्या, कारण किनाऱ्यावरचं ड्रॉइंग इतर ड्रॉइंगपेक्षा वेगळं ठरतं ते इथेच.

फूट-इंचांच्या काळात एक फुटाला एक अष्टमांश इंच हे प्लॅनचं नेहमीचं स्केल, म्हणजे १:९६. पाव इंचाचं स्केल म्हणजे १:४८, अर्ध्या इंचाचं १:२४. दाराची चौकट, कठड्याचा जोड अशा गोष्टी प्रत्यक्ष आकारात काढत. मेट्रिकनंतर १:१०० आणि १:५० आले. स्केल लिहिलेलं नसेल तर आतलं एखादं साधं दार शोधा. अडीच फुटी दार अष्टमांश स्केलवर साधारण ८ मिलिमीटर येतं, पाव इंचाच्या स्केलवर १६. पण पट्टी लावून मोजलेलं माप लिहिलेल्या मापाशी जुळलं नाही तर लिहिलेलं खरं माना. अमोनिया प्रिंट मशीनमधून जाताना थोडा ताणला जातो, दमटपणाने आणखी हलतो. ‘स्केलने मोजू नये’ ही सूचना बहुतेक ब्रिटिश कागदांवर असते, ती याचसाठी.

डीलचा पिअर १,०२६ फूट लांब आहे. एका फुटाला एक षोडशांश इंच घेतला तरी कागदावर तो ६४ इंच होतो, सव्वापाच फुटांहून जास्त. पिअरची ड्रॉइंग्ज लांबलचक गुंडाळ्यांत का सापडतात आणि मधोमध का फाटलेली असतात, याचा उलगडा या एका गुणाकारात होतो.

आता सेक्शन, म्हणजे बांधकामाचा उभा छेद, घ्या. त्यात समुद्राच्या बाजूला आडव्या तुटक रेघा आणि त्यांच्या टोकाला अक्षरं असतात. ‘ओडी’ म्हणजे ऑर्डनन्स डेटम, जमिनीची उंची मोजायची शून्य पातळी. कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन बंदरात १९१५ ते १९२१ या काळात समुद्राची सरासरी पातळी मोजून ती ठरवली. त्याआधी लिव्हरपूलची पातळी धरत. कागदावर लिव्हरपूलचं नाव असेल तर ड्राफ्ट्समनने जुन्या सर्व्हेवरून उंच्या उचलल्या आहेत असं समजा, आणि दोन कागदांच्या उंच्या एकमेकांशी ताडताना जपून.

‘एचडब्ल्यूओएसटी’ हे लांबलचक आद्याक्षर म्हणजे साध्या उधाणाच्या भरतीची पातळी. कोकणातल्या वाचकाला हे समजवायची गरज नाही. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द त्याच्या घरातले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं उधाण कुठवर येतं ती ही रेषा. निवाऱ्याची जमीन, कॅफेचं तळघर, पिअरची फळी या रेषेच्या किती वर आहे ते बघा आणि आकडा वहीत लिहा. १९५३ च्या आधीच्या आणि नंतरच्या दोन कागदांत हा आकडा बदललेला सापडला, तर तुमच्या हाती त्या गावाच्या इतिहासाचा पुरावा आहे. डीलच्या पिअरच्या टोकाला तीन मजले आहेत, आणि त्यांतला सर्वांत खालचा एरवी पाण्याखालीच असतो. ते पिअर बघण्याआधी त्याचा सेक्शन समोर ठेवला तर हे असं कसं, हा प्रश्न आपोआप पडतो आणि उत्तर शोधायला तुम्ही भरतीच्या रेषा मोजू लागता.

इतर आखूड अक्षरं पटकन पाठ होतात: ‘आरडब्ल्यूपी’ पावसाच्या पाण्याचा पाइप, ‘डीपीसी’ ओल अडवणारा थर, ‘एफएफएल’ तयार जमिनीची पातळी, ‘आरएसजे’ पोलादी तुळई. आपल्या साइटवर यांतली बरीच अजून जिवंत आहेत.

सेक्शन संपला की ‘बदल’ असा तक्ता वाचा. अ, ब, क अशा क्रमाने केलेल्या सुधारणा, प्रत्येकीची तारीख आणि एक ओळ. लोक हा तक्ता वाचत नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट तिथेच असते. आइल ऑफ मॅनवरच्या डग्लस गावात १९७१ साली समरलँड नावाचं मोठं करमणूक केंद्र उघडलं. त्याच्या दर्शनी भागाला आणि छपराच्या काही भागाला ओरोग्लास नावाची पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची आवरणं होती. एक भिंत सुरुवातीच्या आराखड्यात काँक्रीटची होती, ती पुढे गॅल्बेस्टॉस नावाच्या लेप दिलेल्या पोलादी पत्र्याची झाली. २ ऑगस्ट १९७३ ला तिथे आग लागली आणि ५० माणसं गेली. एका कागदावर ‘भिंतीचं साहित्य बदललं’ एवढीच ओळ असते. ती ओळ सावकाश वाचा.

रंगीत चित्रांबद्दल थोडं

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे इमारत उभी राहिल्यावर कशी दिसेल त्याचं चित्र, काढणारे वेगळे व्यावसायिक असत. सिरिल फॅरी, जे. डी. एम. हार्वी, लॉरेन्स राइट आणि गॉर्डन कलन ही त्यातली मोठी नावं. फॅरी १९५४ मध्ये वारले, तेव्हा साठच्या दशकातल्या इमारतीच्या चित्राखाली त्यांची सही दाखवली तर हात आखडा. चित्राच्या पाठीमागे रॉयल अ‍ॅकॅडमीच्या उन्हाळी प्रदर्शनाचं लेबल असेल तर ते कधीही काढू नका, फ्रेम बदलली तरी जपा. चित्रातली ऊन-सावली तपासा: इमारतीचा समुद्राकडचा दर्शनी भाग उत्तरेकडे तोंड करून असेल आणि चित्रात त्यावर दुपारचं लख्ख ऊन पडलेलं असेल, तर चित्रकाराने गिऱ्हाइकाला खूश केलं आहे. जुन्या रेल्वेची किनाऱ्यावरची जाहिरात-पोस्टरं हा वेगळा प्रकार, त्याला इथे मिसळू नका.

अभिलेखागारात ताडून बघणं

विकत घेण्याआधी किंवा निदान घेतल्यावर लगेच, तोच कागद दुसरीकडे आहे का ते शोधा. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सचा म्हणजे रीबाचा संग्रह सर्वांत मोठा, पण तिथे नाव असलेल्या आर्किटेक्टची कामं जास्त. इंग्लंडच्या वारसा-नोंदी स्विंडनला हिस्टॉरिक इंग्लंडच्या अभिलेखागारात, वेल्सच्या अ‍ॅबरिस्टविथला, स्कॉटलंडच्या एडिनबराला. लहान बांधकामांसाठी मात्र जिल्ह्याचं रेकॉर्ड ऑफिस गाठा. ब्रायटन-ईस्टबोर्नसाठी फॅल्मरचं द कीप, डील-मार्गेटसाठी मेडस्टोनचं केंट हिस्ट्री अँड लायब्ररी सेंटर, बोर्नमथसाठी डॉर्चेस्टरचं डॉर्सेट हिस्ट्री सेंटर. यांच्या सूची घरबसल्या बघता येतात.

शोधताना आर्किटेक्टचं नाव टाकून काही मिळत नाही. ‘बरो इंजिनिअर अँड सर्व्हेयर’ हे पद टाका, मग गावाचं नाव, मग शेल्टर, किऑस्क, पॅव्हिलियन, सोलॅरियम, बेदिंग स्टेशन असे त्या काळचे शब्द एकेक करून. १९४८ नंतरचा नियोजन अर्ज-क्रमांक कागदावर असेल तर तो पत्रात लिहून पाठवा. रेकॉर्ड ऑफिसातली माणसं नेमक्या क्रमांकावर आनंदाने काम करतात. ‘काही जुनं आहे का’ या प्रश्नावर करू शकत नाहीत. द बिल्डर आणि आर्किटेक्ट्स जर्नल या साप्ताहिकांचे जुने अंकही चाळा. तिथे छापलेलं ड्रॉइंग आणि तुमचा कागद यांत फरक सापडला की मजा सुरू.

विकत घेताना

विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी मागा: कागदाचा आकार, प्रकार, दोन्ही बाजूंचे फोटो, आणि तो कुठून आला. चौथी सर्वांत महत्त्वाची. बंद पडलेल्या ऑफिसातून, ड्राफ्ट्समनच्या घरून आलेले कागद निर्धास्त घ्यावेत. कागदावर अभिलेखागाराचा क्रमांक किंवा नगरपालिकेच्या मालकीचा शिक्का असेल आणि तो रद्द केल्याची खूण नसेल, तर त्या संस्थेला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. कदाचित तो कागद तिथून चोरीला गेलेला असेल.

काही कागद दुर्मीळ असण्याला साधं कारण असतं. विल्यम्स-एलिस यांच्या घराला १९५१ मध्ये आग लागली आणि त्यात त्यांचे बरेच कागद गेले, म्हणून पोर्टमेरियनच्या पहिल्या पर्वाचा कागद स्वस्तात मिळतोय असं कोणी म्हणालं तर दहा प्रश्न विचारा.

लिलावात बोलीच्या वर लिलावगृहाचं कमिशन आणि त्यावर कर असतो, मग पार्सल, मग आपल्या बाजूचं सीमाशुल्क. पन्नास वर्षांहून जुन्या मौल्यवान वस्तूंना ब्रिटनबाहेर न्यायला निर्यात परवाना लागू शकतो. साध्या अमोनिया प्रिंटला अडचण येत नाही, पण नामवंताचं मूळ चित्र असेल तर विक्रेत्याकडून हे आधीच लेखी घ्या. कागद नळीत मागवा आणि नळी किमान १० सेंटिमीटर व्यासाची हवी असं ठासून सांगा. बारीक नळीतून आलेलं ट्रेसिंग उलगडताना काडकन तडकतं. माझं एक असंच गेलं, आणि ते दुसरं मिळालं नाही.

आपल्या हवेत जपणं

इंग्रजी पुस्तकं सांगतात की आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. जुलैतल्या दादरला किंवा रत्नागिरीला ते एसीशिवाय शक्य नाही. मग जे शक्य आहे ते नीट करू.

पहिली गोष्ट, ऊन दाखवायचं नाही. आपल्याकडे पावसाळा संपला की गाद्या, धान्य, लोकरी कपडे सगळ्याला ऊन दाखवायची रीत आहे आणि ती त्या वस्तूंना योग्यच आहे. अमोनिया प्रिंटला ऊन म्हणजे मरण. एका दुपारीत रेघा फिकट होतात. ऑक्टोबरमध्ये कोरड्या दिवशी, पडदे ओढलेल्या खोलीत, पंखा थेट कागदावर न ठेवता दोन तास उघडून ठेवले की पुरे.

दुसरी, जागा. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, पावसात ती भिंत ओल धरते. सर्वांत खालचा कप्पा नको, वाळवीसाठी. लोखंडी कपाट लाकडीपेक्षा बरं. डबीत सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि रंग बदलला की ती भाजून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या कागदाच्या पेटीत टाकू नका. कसर पळवायची तर कपाट महिन्यातून एकदा रिकामं करून कोरड्या फडक्याने पुसणं हाच उपाय मला लागू पडला आहे.

तिसरी, शेजार. अमोनिया प्रिंटमधून निघणारी रसायनं शेजारच्या कागदावर डाग पाडतात. ते स्वतंत्र फोल्डरमध्ये, मूळ ट्रेसिंगपासून लांब. बाकीच्यांना आम्लरहित कागद, पण ब्लूप्रिंटला अल्कली मिसळलेला संग्रह-कागद चालत नाही, निळा रंग उडतो. त्याला साधा उदासीन कागद मागून घ्या. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या शाईच्या ड्रॉइंगला उत्तम, मऊ पेन्सिल आणि खडूच्या कामाला वाईट, कारण स्थिर विजेने भुकटी उचलली जाते. लॅमिनेशन कशालाही, कधीही नको. गल्लीतला झेरॉक्सवाला प्रेमाने सुचवेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

गुंडाळलेला कागद सपाट करायचा तर घाई नको. स्वच्छ टेबलावर टिपकागद, त्यावर ड्रॉइंग, वर पुन्हा टिपकागद, आणि कडांपासून मधे येत पुस्तकांची वजनं. रोज थोडं पुढे सरका, आठवडा लागू दे. इस्त्री नाही, वाफ नाही, पाण्याचा फवारा नाही. जुना सेलोटेप स्वतः ओढू नका. तो डाग आणि कागदाचा पापुद्रा दोन्ही घेऊन येतो. ते काम कागद-संवर्धकाचं. फार लांब ड्रॉइंग सपाट ठेवता येणार नसेल तर जाड नळीच्या बाहेरून गुंडाळा, नळीवर आधी आम्लरहित कागद लपेटून, वरून सुती कापड आणि सुती नाडी.

फ्रेम करायची हौस असेल तर प्रतीची करा.

फोटो, नोंद आणि हक्क

कागद ओढून घेणाऱ्या मोठ्या स्कॅनरमध्ये जुनं ड्रॉइंग घालू नका. सपाट पसरून वरून फोटो घ्या, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, फ्रेममध्ये एक पट्टी आणि रंगांची पट्टी. ट्रेसिंगखाली पांढराशुभ्र कागद ठेवला तर रेघा उठून येतात. पाठीमागची बाजू न चुकता घ्या, हिशेब, चहाचे कप, टेलिफोन नंबर सगळं तिथे असतं.

कागद तुमचा झाला तरी त्यावरच्या ड्रॉइंगचा हक्क तुमचा होत नाही. ब्रिटनमध्ये तो निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो. विल्यम्स-एलिस १९७८ मध्ये वारले, म्हणजे त्यांची ड्रॉइंग्ज २०४८ अखेरपर्यंत संरक्षित. घरी बघायला, अभ्यासाला अडचण नाही. छापायचं, विकायचं असेल तर परवानगी लागते. इमारतीचा फोटो काढायला मात्र तिथे कुणाची परवानगी लागत नाही, तेव्हा गेलात तर ड्रॉइंगमधला तोच कोन शोधून फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

शेवटची नोंद मऊ पेन्सिलने, कागदावर नाही, फोल्डरवर: गाव, बांधकाम, ड्रॉइंग क्रमांक, तारीख किंवा ‘सुमारे’, कागदाचा प्रकार, कुठून आला, आणि टायटल ब्लॉकमधली आद्याक्षरं जशीच्या तशी. मग फोटोची एक प्रत त्या गावाच्या रेकॉर्ड ऑफिसला ईमेलने पाठवा. तिथला निवारा पाडायचा की वारसा-यादीत घालून वाचवायचा असा प्रश्न उभा राहिला, तर त्यांच्याकडे तो कागद नसण्याची शक्यताच जास्त असते. माझ्या त्या पहिल्या निवाऱ्याचा फोटो मी असाच पाठवला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: प्लॅन त्यांच्याकडे होता, सेक्शन नव्हता, आणि ती दोन आद्याक्षरं त्याच ऑफिसच्या आणखी बऱ्याच कागदांवर होती.